पतसंस्थेचं सॉफ्टवेअर: आधी सगळं लिहून घ्यायचं, की करत करत शिकायचं?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. आमची कंपनी छोटी, अकरा जणांची. आजवर दुकानांचं बिलिंग, शाळांची फी असली कामं केली. आता सांगली भागातल्या एका पतसंस्थेचं काम मिळालंय. नऊ शाखा, चाळीसेक पिग्मी एजंट (रोज दारोदार जाऊन बचत गोळा करणारे), सोनेतारण, मुदत ठेवी, आवर्त ठेवी, सगळा संसार. सध्या जे चालतंय ते फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत आहे आणि ते लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत.

आमच्याकडे मालक दोन आणि मतंही दोन. थोरले सर म्हणतात, दोन महिने तिकडे जाऊन बसा, प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक रिपोर्ट लिहून काढा, अध्यक्षांची सही घ्या, मगच कोडला हात लावा. धाकटे सर बंगळुरूत आठ वर्षं काढून आलेत. ते म्हणतात, तो कागद कोणी वाचत नाही, दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं नेऊन दाखवा. दोघांनी मिळून निर्णय माझ्यावर ढकललाय, सोमवारपर्यंत सांगायचंय. करार एकरकमी, मुदत अकरा महिने.

तुमच्याकडे खरोखर काय चालतं? पुस्तकातलं नको, ते मीही वाचलंय.

हिंजवडीकर
वाचतोय. (सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये, उभ्या उभ्या.)

चिवट चिवडा
आमच्याकडे अजाईल आहे, म्हणजे तुमच्या धाकट्या सरांची रीत. प्रत्यक्षात म्हणजे काय ते सांगतो.

रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं असतं. आमचं पन्नास मिनिटं चालतं. उभं राहिलं की माणसं लवकर आटपतात असा ज्याने शोध लावला त्याने मराठी माणूस दारात चप्पल घालून निरोप घेताना पाहिलेला नाही.

मग स्टोरी पॉइंट. पॉइंट म्हणजे दिवस नव्हेत, कामाचा आवाका, असं ट्रेनिंगमध्ये तीन वेळा सांगितलं. चौथ्या दिवशी मॅनेजरची एक्सेल आली, तिच्यात वरच लिहिलेलं: १ पॉइंट = ६ तास.

आणि सगळ्यात वर, मार्चमध्ये काय द्यायचं ते गेल्या एप्रिलमध्येच ठरलेलं. म्हणजे धबधबा (वॉटरफॉल, तुमच्या थोरल्या सरांची रीत) तोच, फक्त दर दोन आठवड्यांनी बादली लावतो.

हिंजवडीकर
बादली +१. आमच्याकडे तिला स्प्रिंट म्हणतात.

फणसगरा
सोनचाफा, मी या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा जरा मागचं सांगतो. कंटाळा आला तर खाली सरका.

१९७९ साली मुंबईत कामाला लागलो. कोबोल भाषेतला प्रोग्रॅम कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचा, पंचिंगवाल्या मुली त्याची कार्डं पाडायच्या, गठ्ठा रात्री मशिनला जायचा आणि सकाळी कळायचं की चाळिसाव्या ओळीत पूर्णविराम राहिलाय. एक टिंब म्हणजे एक दिवस. त्यामुळे आधी सगळं कागदावर, दोघातिघांनी तपासून, आणि मग मशिन, ही आमची शिस्त नव्हती हो, नाइलाज होता. मशिनचा वेळ महाग आणि माणसाचा स्वस्त. आता उलटं झालंय. त्यामुळे 'जुने लोक मूर्ख होते म्हणून सगळं आधी लिहीत' असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

दुसरी गंमत. ज्याला तुम्ही वॉटरफॉल म्हणता त्याचा उगम म्हणून विन्स्टन रॉइस या अमेरिकन संगणकतज्ज्ञांच्या १९७० च्या लेखाकडे बोट दाखवतात. त्या लेखात वॉटरफॉल हा शब्दच नाही. पायऱ्यापायऱ्यांचं चित्र आहे, आणि त्या चित्राखालीच ते म्हणतात की हे असंच केलंत तर धोका आहे, फसाल. पुढे त्यांचा सल्ला असा की नवं काम असेल तर एकदा छोटं करून बघा आणि मग खरं करा, आणि गिऱ्हाइकाला आधीपासून बांधून घ्या. लोकांनी चित्र तेवढं उचललं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर घेण्याचा जो प्रमाण-दस्तऐवज काढला त्याने हीच पायऱ्यांची रीत पक्की केली, आणि जगभरच्या कंत्राटांमध्ये ती शिरली. चित्र बघून पुस्तक मिटण्याची सवय काही आजची नाही.

अनुस्वार
काका, सुरेख. भर घालतो. अजाईलवाल्यांचंही हेच झालं. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि चार ओळींचा जाहीरनामा काढला. कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, वगैरे. पण त्या चार ओळींखाली स्पष्ट लिहिलंय की उजव्या बाजूच्या (म्हणजे कागदपत्रांसारख्या) गोष्टींनाही मोल आहे, फक्त डावीकडच्यांना जास्त. ते कोणी वाचत नाही. 'आम्ही अजाईल आहोत' याचा आमच्या ऑफिसातला अर्थ 'काही लिहिलेलं नाही, निखिलला विचारा'. निखिल जूनमध्ये सोडून गेला.

मिसळप्रेमी
स्नोबर्ड म्हणजे बर्फावर घसरायची जागा ना? घसरत घसरत लिहिलेलं दिसतंय.

टेक्सासवाला
इथे अमेरिकेत दोन्ही रीती एकाच कामावर करून पाहिल्याचं उदाहरण आहे, म्हणून लिहितो. आपापल्या अनुभवांवरून भांडण्यापेक्षा ते बरं.

एफबीआयला, म्हणजे इथल्या केंद्रीय तपास यंत्रणेला, तपासाची कागदी फाइल संगणकावर आणायची होती. पहिला प्रयत्न 'व्हर्च्युअल केस फाइल'. मागण्यांचा दस्तऐवज आठशेहून जास्त पानांचा, तरीही मागण्या बदलतच राहिल्या. जवळजवळ १७ कोटी डॉलर घालून २००५ मध्ये ते मोडीत काढलं. मग २००६ मध्ये 'सेंटिनेल', नवं कंत्राट, टप्प्याटप्प्याने. तेही लांबलं. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं, टीम लहान केली, छोट्या छोट्या स्प्रिंटमध्ये दाखवत गेले, आणि २०१२ च्या जुलैमध्ये ते सगळीकडे वापरात आलं.

सोनचाफाताई, तुमच्या धाकट्या सरांना ही गोष्ट आवडेल.

शंकेखोर
थांबा. २०१० पर्यंत सेंटिनेलचे आधीचे टप्पे झालेले होते, यंत्रं घेतलेली होती, आणि दोन वेळा हात पोळल्यावर आपल्याला काय हवंय ते एफबीआयला कळलेलं होतं. तिसऱ्यांदा गणित सुटलं तर श्रेय पेनला द्यायचं का?

उलट उदाहरण ब्रिटनचं. युनिव्हर्सल क्रेडिट, सहा वेगवेगळे सरकारी भत्ते एकत्र करायची योजना. तिथे आधीपासूनच अजाईल म्हणून घोषणा होती. २०१३ च्या सप्टेंबरात त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांचा अहवाल आला: ३ कोटी ४० लाख पौंडांचं सॉफ्टवेअर निकामी म्हणून खर्ची टाकलेलं, आणि पुढचा नीट आराखडा कोणाकडे नाही. पुढे योजनेची गाडी मागे घेऊन पुन्हा लावावी लागली.

त्यामुळे रीतीच्या नावावर जाऊ नका. रीत बिचारी गरीब गाय आहे, कोणीही दावणीला बांधतं.

टेक्सासवाला
शंकेखोर, आधीचे टप्पे झाले होते हे मान्य. पण आठशे पानं लिहूनही 'काय हवंय' ते कळलं नव्हतं, हे तुमच्याच बोलण्यातून निघतं. मग पानं कशाला?

शंकेखोर
पानं वाईट होती म्हणून. पानं वाईट असतात म्हणून लिहिणंच बंद, हे म्हणजे डाळ करपली म्हणून चूल विझवा.

चाकणचा मावळा
मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर करतो. आमच्याकडे 'दर दोन आठवड्यांनी दाखवू, गिऱ्हाईक सांगेल कसं वाटलं' हे जरा अवघड पडतं.

आमचं व्ही मॉडेल. डाव्या बाजूने खाली उतरत मागणी, रचना, कोड. उजव्या बाजूने वर चढत चाचण्या. प्रत्येक मागणीसमोर तिची चाचणी, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेल्या. आयएसओ २६२६२ हे गाड्यांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आल्यापासून तर प्रत्येक गोष्टीचा पुरावा ठेवावा लागतो. पॅरिसच्या १४ नंबरच्या मेट्रोचं त्याहून पुढचं. १९९८ ला चालू झाली, मोटरमन नाही. तिच्या सुरक्षिततेच्या भागाचं सॉफ्टवेअर बरोबर आहे हे गणितात सिद्धता करतात तसं सिद्ध करून मग गाडीत टाकलं.

पण आमच्या रीतीचीही नजर लागण्याची जागा आहे, लपवत नाही. ४ जून १९९६, एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून उचललेलं. जुन्या रॉकेटवर नीट चाललेलं, कागद चोख. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, एक मोठी संख्या १६ बिटांच्या घरात मावली नाही, आणि उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत खेळ खलास. नव्या उड्डाणाचे आकडे घालून त्या यंत्रणेची आधी चाचणी केलीच नव्हती. कागद पूर्ण होता, फक्त दुसऱ्याच रॉकेटचा होता.

खडूस टेस्टर
मावळे, शेवटचं वाक्य आमच्या भिंतीवर लावतो आहे.

आणि ताई, दोन्ही मालकांना एक प्रश्न विचारा: टेस्टर कधी येणार? थोरल्यांच्या रीतीत मी शेवटच्या महिन्यात येतो, तेव्हा आधीच्यांनी माझा वेळ खाऊन टाकलेला असतो. धाकट्यांच्या रीतीत मी दर दुसऱ्या गुरुवारी रात्री येतो. दोन्हीकडे जेवण पिझ्झाच.

कोल्हापुरी रस्सा
हितं सगळे एफबीआय आणि रॉकेटवर गेले, पतसंस्थेवर कोण बोलंना. आमचे वडील तीस वर्षं पिग्मी एजंट. मी स्वतः तीन वर्षं काउंटरला बसलोय. म्हणून सांगतो.

ताई, थोरले सर म्हणतात अध्यक्षांची सही घ्या. घ्या की. पण अध्यक्ष संगणकाला हात लावत न्हाईत. सही करणारा वेगळा आणि काउंटरवर बसणारा वेगळा. व्यवस्थापकाला विचाराल तर तो नियमात काय हाय ते सांगंल. रोखपालाला विचाराल तर रोज काय होतं ते सांगंल, ते बी अध्यक्ष बाहेर गेल्यावर. संध्याकाळी पाचला सगळे एजंट एकदम येत्यात, प्रत्येकाचं मशिन, प्रत्येकाची चिल्लर, कुणाचे वीस रुपये कमी, कुणी म्हणतंय उद्या देतो. त्या तासात तुमची स्क्रीन चार क्लिक मागाय लागली तर दुसऱ्या दिवशी परत वही निघंल. हे सहा महिने लिहून काढलं तरी कागदावर येणार न्हाई. त्या तासाला तिथं उभं ऱ्हावा.

फणसगरा
रस्सेभाऊ, वडिलांना नमस्कार सांगा. अवांतर आहे पण राहवत नाही: पिग्मी ही चीज उडुपीची. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये काढली, रोज दोन आणे दारात येऊन घ्यायचे. जवळजवळ शंभर वर्षं तीच पद्धत, वही गेली, मशिन आलं, मोबाईल आला, पण पाच वाजताची गर्दी तीच. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला किती माणसं उभी आहेत हे आमच्या वेळीही डिझाइनच्या कागदात कधी नसायचं.

मिसळप्रेमी
अवांतराला बंदी नाही, हा धागा अजाईल आहे.

मुदतठेव
मी पतसंस्थांचं ऑडिट करते. रस्सेभाऊंचं पटलं, पण अर्धंच.

गर्दीची स्क्रीन दहा वेळा बदला, कोणाचं काही जात नाही. व्याज आकारणी दहा वेळा बदलून दाखवाल का? मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला कोणता दर? मोडल्याच्या दिवशीचं व्याज धरायचं की नाही? लीप वर्षात ३६५ ने भागायचं की ३६६ ने? सुटे पैसे पूर्ण रुपयांत कधी करायचे, दर महिन्याला की शेवटी? ठेवीवर कर्ज असेल तर आधी काय वळतं करायचं? यातला एक प्रश्न चुकला तर चूक एका खात्यात राहत नाही, नऊ शाखांत पसरते, आणि ३१ मार्चला माझ्या टेबलावर येते.

तेव्हा हा भाग लिहून घ्याच. पण नुसत्या वाक्यांत नको. उदाहरणं घ्या: अमुक रक्कम, अमुक तारखेला ठेवली, अमुक तारखेला मोडली, व्याज इतके रुपये. अशी साठ-सत्तर उदाहरणं व्यवस्थापकाकडून हाताने सोडवून घ्या आणि त्याखाली सही घ्या. तीच खडूस टेस्टरांना द्या. त्यांना गुरुवारी रात्री जागावं लागणार नाही.

खडूस टेस्टर
ऑडिटर आणि मी एका बाजूला? आज तारीख काय?

हिंजवडीकर
स्टँडअप संपला. मधलं सगळं वाचलं. मुदतठेव यांना मोदक.

अनुस्वार
मुदतठेव यांनी जे केलं त्याला पोशाखी नावं आहेत, पण मुद्दा तोच की एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन स्वभावाची कामं असतात.

मला तिसरी रीत आठवली, तिचं नाव अजून इथे कोणी घेतलेलं नाही. बॅरी बोहम या अमेरिकन सॉफ्टवेअरतज्ज्ञांचं स्पायरल मॉडेल, १९८० च्या दशकातलं. चकलीसारखं समजा. प्रत्येक वेढ्याला विचारायचं: आत्ता या कामात सगळ्यात जास्त कशाने बुडू? आधी तेवढंच करायचं. मग पुढचा वेढा. स्क्रीन आधी की कागद आधी, हा प्रश्नच तिथे येत नाही.

आणि ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला सगळ्यात भीतीदायक वाक्य करार किंवा मालक यांचं नाही. 'लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत', ते आहे. नऊ शाखांचा जुना डेटा नव्यात आणायचाय ना? फॉक्सप्रोत मराठी नावं असतील तर ती युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात) नसणार, कुठल्यातरी जुन्या फॉन्टच्या हिशोबाने भरलेली असणार. रफार एकीकडे, वेलांटी भलतीकडे. 'मूर्ती'चं काय होईल देव जाणे. दोन महिने कागद लिहिलात तरी हे कळणार नाही, दोन आठवड्यांत नवी स्क्रीन दाखवलीत तरी कळणार नाही. उद्या एका शाखेचा डेटा मागून घ्या आणि उघडा.

चिवट चिवडा
चकली मॉडेल पेटंट करा कोणीतरी. 'तुमची चकली मऊ पडलीय' असं स्टेटस मीटिंगमध्ये म्हणायचंय मला.

शंकेखोर
अनुस्वार, सहमत, आणि मी सहजी सहमत होत नाही.

पण करार कोणीच बोलला नाही. एकरकमी करारात दर दोन आठवड्यांनी अध्यक्षांना स्क्रीन दाखवणं म्हणजे दर दोन आठवड्यांनी 'एवढं जरा करून द्या' ऐकून घेणं. ते करून देण्याचे पैसे कोणाचे? तुमचे. मी एकदा असं काम केलं. गिऱ्हाईक खूश, आम्ही दिवाळीला बोनस दिला नाही. थोरले सर कागदावर सही मागतात ती कोडसाठी नसावी, वसुलीसाठी असावी. त्यांना हसू नका. अकरा जणांचे पगार त्यांना काढायचेत.

मध्यम मार्ग असा: व्याज, खतावणी, ऑडिटचे रिपोर्ट यांची सही घेऊन एकरकमी. एजंटांचं मोबाईल ॲप आणि काउंटरच्या स्क्रीन यांचे दिवस ठरवून घ्या, इतके दिवस आम्ही बदल करत राहू, त्यापुढचं वेगळं बिल.

कोल्हापुरी रस्सा
आणि नवं सॉफ्टवेअर १ एप्रिलला चालू करू नका. अध्यक्ष तेच म्हणणार, नवं वर्ष, नवी सुरुवात. त्या आठवड्यात आख्खी शाखा वर्षअखेरीत बुडालेली असते. निदान एक तिमाही जुनं-नवं दोन्ही जोडीनं चालवा, रोज संध्याकाळी दोन्हीची रोख जुळवा. लोकं शिव्या देतील. देऊ दे.

सोनचाफा
मंडळी, सोमवार होऊन गेला. उत्तर द्यायला उशीर झाला कारण अनुस्वार यांचं ऐकून मी शनिवारी एका शाखेचा डेटा मागवला आणि रविवारी तो उघडून बसले.

नावांचं तुम्ही म्हणालात तसंच. 'मूर्ती' शाबूत आहे, 'कुलकर्णी' सतरा प्रकारे आहेत. ते निस्तरता येईल. पण ३१२ मुदत ठेवी अशा सापडल्या की ठेव ठेवल्याची तारीख १५/०८/१९४७.

मी आधी हसले. मग व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, 'हो, ती पुराची खाती.' २०१९ च्या पुरात शाखेत पाणी शिरलं, ठेवींचं रजिस्टर गेलं, मशिनही गेलं. जुन्या बॅकअपमधून रकमा मिळाल्या, पण काही खात्यांच्या तारखा मिळेनात. त्या गृहस्थांनी तिथे मुद्दाम अशी तारीख घातली की जी कधीच खरी असणार नाही, म्हणजे पावती घेऊन ठेवीदार आला की ओळखता यावं आणि दुरुस्त करावं. काही आले. ३१२ राहिले. हे शाखेतल्या तिघांना माहीत आहे, लिहिलेलं कुठेच नाही. मी सुरुवातीच्या भेटीत दीड तास प्रश्न विचारले होते, तेव्हा कोणी हे बोललं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी दोन्ही सरांसमोर ही यादी ठेवली. ठरलं ते असं: पहिला महिना फक्त जुना डेटा, नऊही शाखा. त्याच महिन्यात व्याजाची उदाहरणं सोडवून सही. रोज पाच वाजता आमच्यातला एकजण काउंटरमागे उभा. स्क्रीन त्यानंतर, दोन-दोन आठवड्यांनी. करारात शंकेखोर यांनी सुचवलेलं कलम घालून पाठवलाय, अध्यक्षांचं उत्तर यायचंय. थोरले सर म्हणाले ही माझीच रीत आहे. धाकटे सर म्हणाले ही माझीच रीत आहे.

मिसळप्रेमी
१९४७ पासूनची ठेव! चक्रवाढ लावा, पतसंस्थाच त्यांच्या नावावर करावी लागेल.

फणसगरा
त्या गृहस्थांना हात जोडले. कोडमध्ये कुठे दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत का बघा. आमच्या वेळची माणसं बहुधा लिहायची.

सोनचाफा
काका, आहे. एका प्रोग्रॅममध्ये वर लिहिलंय: 'पूर. तारीख मिळेपर्यंत हात लावू नये.'

मुदतठेव
सोनचाफा, एक राहिलं. त्या ३१२ ठेवींवर सध्या व्याज कोणत्या तारखेपासून देतात, ते विचारलंत का?

सोनचाफा
विचारलं. व्यवस्थापकांचं उत्तर वेगळं, रोखपालाचं वेगळं. उद्या दोघांना एका टेबलावर बसवतेय.